बिलिरुबिन नॉर्मल, पण नळी अडलेली: लिव्हर हे सांभाळतं कसं?

रानजाई
नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसतीच वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो. ९ वर्षांपूर्वी त्यांची पित्ताची पिशवी काढली, खडे होते. नंतर ठणठणीत. सकाळची चक्कर, रविवारी तर्री-पोहे, सगळं सुरू. दोनेक महिन्यांपासून रात्री तळहात-तळपाय खाजतात म्हणायला लागले. अंगावर पित्त उठलं असेल म्हणून आईनं आमसुलाचं पाणी लावलं, गेरू लावला. पण अंगावर गांध एकही नव्हती. शेवटी रक्त तपासलं.

बिलिरुबिन (काविळीत वाढतो तो पिवळा घटक) ०.९. लिव्हरची एन्झाइमं: एसजीपीटी ६२. अल्कलाइन फॉस्फेटेज (एएलपी) ४१८, जीजीटी ३९०. सोनोग्राफीत लिव्हरच्या डाव्या बाजूच्या आतल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, "एका बाजूचा रस्ता अडलाय, बाकीच्या लिव्हरनं सांभाळून घेतलंय. एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करून या."

बाबांनी नेमकं अर्धंच वाक्य उचललं. "सांभाळून घेतलंय ना? मग झालं तर. डोळे पिवळे नाहीत, लघवी पिवळी नाही, भूक लागते. मशीनमध्ये कायले जाऊ?"

तर प्रश्न दोन. लिव्हर सांभाळतं म्हणजे नक्की काय करतं? आणि ते सांभाळतंय तोवर थांबलं तर चालतं का?

तर्रीपोहा
पयला नंबर! ताई, उत्तर मले येत नाही, पन रविवारची तर्री बंद कराले कोनी सांगतलं तर मले कळवा. मी मोर्चा काढतो झीरो माइलवर.

कडुनिंब
रानजाई, घाबरू नका. लिव्हरचं दुखणं आहे तर भुईआवळा सुरू करा. आमच्या गावाकडे काविळीची माळ घालतात. डोक्यावर ठेवतात, ती आपोआप वाढत वाढत पायापर्यंत उतरते आणि कावीळ जाते. माझ्या चुलतभावाला स्वतः पाहिलंय.

पॅथलॅबवाला
@कडुनिंब, बाबांना कावीळच नाही, माळ उतरवणार काय?

रानजाई ताई, मी २२ वर्षं लॅबमध्ये आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे आकड्यांपुरतंच बोलतो. हा रिपोर्ट आमच्याकडे आला असता तर मी बिलिरुबिनवर नजरही टाकली नसती. एएलपी आणि जीजीटी दोन्ही एकदम वर म्हणजे पित्ताच्या रस्त्याचं काहीतरी आहे. एकट्या एएलपीवर विश्वास नसतो, ते हाडांतूनही येतं. वाढीच्या वयातल्या पोरांचं वर असतं, गरोदर बायकांचं वर असतं, ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांचंही असतं. जीजीटी हाडात नसतं. म्हणून ते जोडीला वाढलं की साक्षीदार मिळाला समजायचं.

आमच्याकडे रोज एक तरी माणूस रिपोर्ट हातात घेऊन विचारतो, "कावीळ नाही ना?" नाही म्हटलं की खूश होऊन निघून जातो. खाली जाड अक्षरातला एएलपी कोणी वाचत नाही.

शंकासुर
माझं मत वेगळं. शरीर स्वतःची व्यवस्था लावतं, लाखो वर्षांची सवय आहे त्याला. ७१ वर्षांच्या माणसाचं लिव्हर स्वतःहून जुळवून घेतंय, त्याला भूक आहे, झोप आहे. एक एमआरसीपी म्हणजे पुढची दुर्बीण, दुर्बीण म्हणजे स्टेंट, स्टेंट म्हणजे दर तीन महिन्यांनी बदल. एकदा त्या रांगेत उभं राहिलं की सुटका नाही. बाबांचं बरोबर आहे.

सोनपापडी
@शंकासुर, त्या रांगेत मी उभी होते, म्हणून लिहिते.

माझा खडा मुख्य नळीत, अगदी खालच्या तोंडाशी अडकला होता. कधी अडायचा, कधी सुटायचा. त्यामुळे आज डोळे पिवळे, चार दिवसांनी पांढरे. सासूबाई म्हणायच्या ऊन बाधतंय, उसाचा रस पी. इतवारीतल्या रसवंतीवाल्याशी ओळख झाली माझी! पाचव्या वेळी खडा सुटला नाही. लघवी कोकच्या रंगाची, शौच पांढुरकी, आणि खाज अशी की मी पायाला घरातला चपात्यांचा उलथना घासत होते.

ईआरसीपीआधी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी मोकळी करतात ती) रक्त गोठायची तपासणी बिघडलेली निघाली. पित्त आतड्यात पोचलं नाही तर तेलातली जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत, त्यात के गेलं की रक्त गोठत नाही. इंजेक्शनं दिली आणि आकडा जागेवर आला, मग खडा काढला.

आणि एक गंमत. खडा निघाला, दोन दिवसांत लघवी स्वच्छ, पण डोळे तीन आठवडे पिवळेच! मी रोज आरशासमोर रडायची की ऑपरेशन फसलं.

निवृत्त मास्तर
सोनपापडी, तुमचं ऑपरेशन फसलं नव्हतं. बिलिरुबिन बरेच दिवस रक्तात साचलं की त्यातला काही भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला पक्का चिकटून बसतो. अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य साधारण तीन आठवडे, तोवर ते बिलिरुबिनही रक्तात फिरतं. मूत्रपिंडाला ते गाळता येत नाही, म्हणून लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागाहून.

आता धागाकर्तीचा मूळ प्रश्न. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो. निवृत्तीनंतर वर्ग मिळत नाही, त्यामुळे लांबण लागेल, माफ करा.

आधी एक भाषेचा घोळ निस्तरतो. आपण मराठीत "पित्त" हा शब्द तीन ठिकाणी वापरतो. जळजळ झाली, आंबट पाणी आलं: "पित्त झालं". ते जठरातलं आम्ल. अंगावर लाल गांधी उठल्या: "पित्त उठलं". ती अॅलर्जी. आणि लिव्हर रोज साधारण अर्धा ते एक लिटर जे हिरवट पिवळं पाणी बनवतं, ते खरं पित्त. या तिसऱ्याचा पहिल्या दोघांशी संबंध नाही. तुमच्या आईंनी आमसूल लावलं त्यात त्यांची चूक नाही, चूक शब्दाची आहे. पण पुरळ नसलेली, रात्री वाढणारी, तळहात-तळपायांची खाज हे नळी अडल्याचं फार जुनं लक्षण आहे. कावीळ नसतानाही ती येऊ शकते. खाज किती आणि बिलिरुबिन किती याचा मेळ बसत नाही.

लिव्हरचे आठ खंड धरतात. प्रत्येकाची आपली नळी. डावीकडच्या मिळून डावी, उजवीकडच्या मिळून उजवी, दोन्ही मिळून एक, आणि ती आतड्यात. तुमच्या बाबांची डावी अडली आहे, उजवी उघडी. डाव्या बाजूत अडलेलं बिलिरुबिन रक्तात परत येतं. ते रक्त फिरून पुन्हा लिव्हरमध्ये जातं, आणि उजवी बाजू ते उचलून बाहेर टाकते. तिची ताकद रोजच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून ०.९.

एएलपी का वाढलं? लोकांना वाटतं नळी अडली म्हणून ते तुंबून रक्तात आलं. तसं नाही. साचलेल्या पित्तक्षारांमुळे पेशी हे एन्झाइम नव्यानं बनवायला लागतात आणि ते रक्तात उतरतं. बिलिरुबिन उपसायला उजवी बाजू आहे. एएलपी उपसायचं काम पित्ताच्या वाटेनं होतच नाही, आणि ते रक्तात काही दिवस टिकतं. म्हणून एका खोलीत आग लागली तरी धूर सगळ्या वाड्यात दिसतो.

जेवून येतो, मग पुढचं.

तर्रीपोहा
मास्तर जेवाले गेले. तवरच्या इंटरव्हलमध्ये पुण्याचं कोनी आहे का, भांडन कराले?

सदाशिवातला
आहे. पोह्यांवर रस्सा ओतणाऱ्या शहरानं पित्ताची चर्चा करावी हे योग्यच.

तर्रीपोहा
तुमच्या पोह्यात साखर असते भौ. तुमची चर्चा शुगरच्या धाग्यावर.

पाणीपुरवठा
मास्तर येईपर्यंत माझे दोन पैसे. मी आयुष्यभर पाइपलाइन आणि नाले केले. हे सरळ सरळ हायड्रॉलिक्स आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी ओसंडला, नाग नदीला पुढे वाट अरुंद, पाणी मागे घरांत घुसलं. नळी अडली, मागची फुगली, दाब वाढला, आजूबाजूला झिरपलं. लिव्हर काय नि नाला काय.

निवृत्त मास्तर
पाणीपुरवठा, सुरुवात बरोबर, पुढे घसरलात. नाल्यात पाणी आभाळातून येतं, नाला आभाळाला "थांब" म्हणू शकत नाही. लिव्हर म्हणू शकतं. सगळी मजा तिथेच आहे.

दाबाचं आधी. पित्त हे रक्ताच्या दाबानं ढकललं जात नाही. पेशी क्षार नळीत सोडतात, त्यामागे पाणी ओढलं जातं. नळीतला दाब साधारण ३० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका झाला की पित्त बनणं जवळपास थांबतं. म्हणजे अडलेली बाजू फुटेपर्यंत भरत राहत नाही.

आता पेशीकडे या. जुना वाडा डोळ्यासमोर आणा. पुढचं दार रक्ताकडे, तिथून पित्तक्षार आत येतात. मोरी पित्तनळीकडे, तिथून बाहेर जातात. मोरी तुंबली. पित्तक्षार साबणासारखे असतात, आतड्यात तेल फोडतात, पण पेशीतच साचले तर पेशीची भिंत फोडतील. पेशीच्या केंद्रकात एक पहारेकरी आहे, एफएक्सआर नावाचा. तो पित्तक्षारांना ओळखतो हे १९९९ मध्ये कळलं, म्हणजे आम्ही शिकलो त्या पुस्तकात नव्हतंच. क्षार वाढले की तो चार हुकूम सोडतो. पुढचं दार लोटून घ्या. कोलेस्टेरॉलपासून नवे पित्तक्षार बनवणं कमी करा. मोरीचा पंप जमेल तितका जोरात चालवा. आणि परसदार उघडा, म्हणजे साचलेले क्षार पुन्हा रक्तात सोडा. एरवी हे परसदार जवळपास बंद असतं.

त्याबरोबर पेशी त्या क्षारांना सल्फेट जोडून पाण्यात जास्त विरघळणारे करते, म्हणजे मूत्रपिंड त्यांना लघवीतून काढू शकतं. जे काम लिव्हरचं, त्यातलं थोडं मूत्रपिंडाच्या गळ्यात. "सांभाळून घेणं" म्हणजे हे. सहनशीलता नाही, धावपळ आहे.

पाणीपुरवठा
नाला जो ढगाला फोन करून पाऊस कमी करवतो. मान्य. नाग नदीला हे शिकवता आलं तर बघा.

शंकासुर
मास्तर, तुम्ही तर माझीच बाजू मांडली. इतकी चोख व्यवस्था असताना आपण मध्ये का पडायचं?

निवृत्त मास्तर
कारण व्यवस्थेचं बिल येतं.

उंदराचं सांगतो. मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशय नसतंच (छोट्या माउसला असतं), घोड्याला नाही, हरणांतही बहुतेकांना नाही. म्हणून प्रयोगशाळेत उंदीर सोयीचा. त्याची मुख्य नळी पूर्ण बांधली की चार आठवड्यांच्या आसपास लिव्हर सिऱ्होसिसकडे (व्रणांनी कडक होण्याकडे) जातं. पण एकाच बाजूची नळी बांधली तर उंदीर हिंडतो-फिरतो, पिवळा पडत नाही. वरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. कापून पाहिलं तर बांधलेल्या खंडात पित्तनळ्यांच्या पेशी भराभर वाढलेल्या, बारीक बारीक नव्या नळ्यांचं जाळं. तीही वाट शोधण्याचीच धडपड. पण त्या जाळ्याबरोबर तंतू येतात, तंतू म्हणजे व्रण.

माणसात हे महिने-वर्षं चालतं. अडलेली बाजू हळूहळू आक्रसते. तिच्याकडे जाणारं आतड्याकडचं रक्त उघड्या बाजूकडे वळतं, आणि ती बाजू मोठी होते. लिव्हर वाढू शकतं हे जुनंच ज्ञान. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं, ते आठवडा-दीड आठवड्यात वजनानं भरून आलं. हेच इथे सावकाश घडतं. एक भाऊ खंगतो, दुसरा पैलवान होतो, आणि घरखर्च चालू असल्यामुळे शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

पॅथलॅबवाला
आणि शेजारी म्हणजे बिलिरुबिन.

वैनगंगाकाठ
थोडं वेगळं, पण विदर्भातल्यांनी वाचावं. माझा भाऊ सिकलसेलचा. आमच्याकडे, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, घरटी नाही तरी वाडीत एक तरी सापडतो. त्याचे डोळे कायमच थोडे पिवळे, कारण लाल पेशी फुटत राहतात, बिलिरुबिन जास्त बनतं. त्यातूनच पित्ताशयात काळे खडे होतात, लहान वयातच. भावाला १७ व्या वर्षी झाले.

घोळ असा की तो पिवळा दिसला तरी आम्ही "नेहमीचंच" म्हणायचो. नळीत खडा गेला तेव्हाही. डॉक्टरांनी बिलिरुबिनचे दोन भाग वेगळे करून दाखवले. पेशी फुटून होतं ते अप्रत्यक्ष, अडून होतं ते प्रत्यक्ष. भावाचं प्रत्यक्ष वाढलं होतं. रानजाईच्या बाबांचं नॉर्मल असून अडलं होतं, आमच्याकडे कायम वाढलेलं असल्यामुळे अडलेलं कळलं नाही. एकूण आकड्याकडे बघून दोन्हीकडे फसगत.

निवृत्त मास्तर
वैनगंगाकाठ, हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

कडुनिंब
सगळे माळेवर हसले, पण माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत.

पॅथलॅबवाला
कडुनिंब दादा, हसलो नाही. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते, दोन-चार आठवड्यांत. तेवढ्यात माळेच्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, माळ लांब होते. दोघांची तारीख जुळते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ना, तिथे हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. माझे हात धुतले तरी पिवळंच होईल, हवं तर येऊन बघा. पण अडलेल्या नळीवाला माळ घालून सहा महिने बसला तर मास्तरांनी सांगितलेला तो खंगणारा भाऊ, म्हणजे अडलेली बाजू, कोण पाहणार?

कडुनिंब
बरं. भुईआवळ्याचं तरी?

निवृत्त मास्तर
त्यानं बुजलेली नळी उघडत नाही. एवढंच म्हणतो.

संपादक मंडळ
चर्चा छान चालली आहे. फक्त आठवण: येथील प्रतिसाद म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. पोह्यांवरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.

तर्रीपोहा
हा जुलूम आहे.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर सर, तुमचे प्रतिसाद मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले. पहारेकऱ्याला त्यांनी मान डोलावली, पण "अजून पाहू" वरून हलले नाहीत.

वाचताना आईला एक आठवलं. मे महिन्याच्या शेवटी, बाहेर ४५ अंश होतं तेव्हा, बाबांना एका दुपारी हुडहुडी भरली होती. कूलर बंद करायला लावला, ब्लँकेट मागितलं, दात वाजत होते. तासाभरानं सणसणून ताप, मग घाम. लू लागली म्हणून कैरीचं पन्हं दिलं, कांदा कापून तळपायाला चोळला. दुसऱ्या दिवशी बरे. आठवड्यानं पुन्हा एकदा, थोडं कमी. याचा काही संबंध असेल का?

सोनपापडी
रानजाई!!! हे आधी का नाही लिहिलंस? उद्याच जा. माझाही ताप असाच यायचा, थंडी वाजून.

निवृत्त मास्तर
रानजाई, आता मी लांबण लावत नाही. अडलेल्या नळीतलं पित्त म्हणजे साचलेलं डबकं, त्यात जंतू वाढतात, दाब वाढला की ते रक्तात उतरतात. थंडी वाजून ताप येतो तो त्यामुळे. शार्को यांनी १८७७ मध्ये ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं हे त्रिकूट लिहून ठेवलं, पण तिन्ही एकदम दिसलेच पाहिजेत असं नाही. एकाच बाजूची नळी अडलेली असेल तर कावीळ नसूही शकते. डॉक्टरांना हे तापाचं आजच फोनवर सांगा. पुन्हा हुडहुडी भरली तर फोन नाही, थेट इस्पितळ, रात्र असो की पहाट.

लिव्हर पित्तक्षारांशी जुळवून घेतं. जंतूंशी असं जुळवून घेत नाही.

शंकासुर
मी मागे घेतो. म्हणजे सगळं नाही, पण "थांबा" हे मागे घेतो. ४५ अंशात हुडहुडी भरणं म्हणजे ऊन नाही हे मलाही कळतं. नागपूरकर आहे शेवटी.

एक मात्र विचारतोच. समजा डावी बाजू आक्रसलेलीच निघाली, ती काही कामाची उरली नाही, तर ७१ व्या वर्षी काढायचीच का?

निवृत्त मास्तर
हा प्रश्न रास्त आहे. आक्रसलेली बाजू गप्प असेल, ताप नाही, गाठीची शंका नाही, तर कधीकधी सर्जनही तिला हात लावत नाहीत, नुसती नजर ठेवतात. पण ती गप्प आहे का हे आधी पाहावं लागतं, आणि अडवलंय कशानं हे कळावं लागतं. खडा, जुन्या ऑपरेशननंतरची अरुंद जागा, की गाठ. तिन्हीचे एएलपी सारखेच दिसतात.

पॅथलॅबवाला
आणि सीए १९-९ (गाठीची शंका आली की रक्तात बघतात ते) तपासायला सांगितलं आणि वाढलेलं आलं तर गूगल उघडू नका. नळी अडली, जंतुसंसर्ग झाला तरी ते वाढतं. रस्ता मोकळा झाल्यावर पुन्हा तपासतात, तेव्हाचा आकडा जास्त बोलका.

रानजाई
अपडेट, नऊ दिवसांनी. मध्ये गायब होते, क्षमस्व.

त्याच संध्याकाळी फोन केला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं, रक्ताचं कल्चर (जंतू आहेत का ते पाहायला) घेतलं, अँटिबायोटिक्स सुरू केली, दोन दिवसांनी एमआरसीपी झाली. डाव्या नळीत खडे आहेत, आणि त्यांच्या पुढे नळी अरुंद झालीये. गाठ दिसत नाही. सीए १९-९ थोडं वाढलंय (गूगल उघडलं नाही, शपथ). डावा खंड लहान झालाय आणि उजवा मोठा, मास्तर सर म्हणाले तस्संच. फोटोत मलाही दिसलं, रेडिओलॉजिस्टनं बोट ठेवून दाखवलं. रक्त गोठायची तपासणी चांगली आली. म्हणाले, उजवीकडून पित्त आतड्यात पोचतंय म्हणून.

गंमत म्हणजे बाबा त्या फोटोनं बदलले. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे एक फीडर गेला आणि दुसऱ्यावर लोड टाकला. आम्ही पण करायचो. कॉलनीत लाइट असते म्हणून तक्रार येत नाही. पण गेलेल्या फीडरवर फॉल्ट तसाच असतो, तो शोधायला लाइनमन पाठवावाच लागतो." सर, तुमच्या वाड्यापेक्षा हे त्यांना जास्त पटलं, रागावू नका.

गुरुवारी ईआरसीपी. खडे वर, आतल्या नळीत असल्यामुळे एका फेरीत निघतील असं नाही. अरुंद जागेतून ब्रशनं पेशीही घेणार आहेत. नाहीच जमलं किंवा ताप परत आला तर डाव्या खंडाचं ऑपरेशन हा विषय सर्जनशी बोलून ठरणार. शंकासुर काका, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. म्हणाले, "ताप आला नसता तर मीही हाच विचार केला असता."

शंकासुर
डॉक्टर समजूतदार दिसतात.

सोनपापडी
गुरुवारी सकाळी उपाशी नेतील. नंतर घसा दुखतो, पोटात वायू होतो, घाबरू नका. पण पोट जोरात दुखायला लागलं, पाठीत कळ गेली तर लगेच सांगायचं, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. माझ्यासारखं "होईल कमी" म्हणत बसू नका.

निवृत्त मास्तर
फीडर उत्तम आहे, मी पुढच्या वर्गात वापरला असता. एक विनंती, खडे निघाले तर रंग बघून सांगा. आतल्या नळीत साचलेल्या, जंतू असलेल्या पित्तात होणारे खडे बहुधा तपकिरी, मऊ, चुरा होणारे असतात. पित्ताशयातले कोलेस्टेरॉलचे पिवळट आणि टणक. ९ वर्षांपूर्वीचे कसे होते आठवतंय का?

रानजाई
आठवायची गरज नाही सर. बाबांनी ते कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत ठेवलेत, पाहुण्यांना दाखवतात. पिवळट, हरभऱ्याच्या डाळीएवढे, सात नग. आत्ता विचारलं तर डबी हलवून म्हणाले, अजून जागा आहे.

तर्रीपोहा
काकांना शुभेच्छा. डबी तर्री-पोह्याच्या टेबलावर आनू नका म्हना.